‘पातु’ या क्रियापदाचा अर्थ : रामरक्षास्तोत्रातील अभयाची भाषा

रामरक्षास्तोत्राविषयी मराठीत जे बोलले आणि लिहिले जाते, त्यात दोन भूमिका ठळकपणे आढळतात. पहिली भूमिका श्रद्धावंताची. दिवेलागणीला शुभंकरोतीपाठोपाठ ज्या घरात मुलांकडून रामरक्षा म्हणवून घेतली जाते, त्या घराच्या दृष्टीने हे स्तोत्र म्हणजे एक सिद्ध कवच असते. ते म्हटले की बाधा नाही, शत्रू नाही, अंधाराचे भय नाही. दुसरी भूमिका चिकित्सकाची. त्याच्या मते शरीराच्या एकेका अवयवावर देवतेच्या नावाची चौकी बसवणारी ही रचना मंत्रतंत्राच्या युगाचा अवशेष होय. तिचा अभ्यास करावयाचा तो लोकसमजुतींचा नमुना म्हणून, वाङ्मय म्हणून नव्हे. या दोन भूमिका परस्परविरोधी वाटल्या, तरी त्यांचा पाया एकच आहे. दोन्ही पक्ष स्तोत्र फलश्रुतीपासून उलटे वाचतात. स्तोत्राच्या पोटातील क्रियापदे कोणत्या अर्थाची आहेत, रक्षण मागणारा नेमके काय म्हणतो आणि ज्याच्याकडे मागतो त्याला कोणकोणत्या नावांनी आठवतो, याची चौकशी सहसा होत नाही.

ही चौकशी केवळ वैयाकरणाच्या हौसेची बाब नव्हे. प्रबळ शत्रू समोर उभा असता ‘देव रक्षील’ असे मनुष्य म्हणतो, तेव्हा तो घडणाऱ्या गोष्टीविषयी विधान करीत असतो की न घडलेल्या गोष्टीविषयी याचना करीत असतो, यावर त्याच्या श्रद्धेचे स्वरूप अवलंबून असते. विधान खोटे ठरू शकते. याचना खोटी ठरत नाही. ती फार तर विफल होते. आणि विफल झालेली याचना पुन्हा करता येते, खोटे ठरलेले विधान पुन्हा करताना मात्र मनाशी काही तरी लबाडी करावी लागते.

प्रचलित पाठात एकंदर ३८ श्लोक आहेत. विनियोगात बुधकौशिक हा ऋषी, सीतारामचंद्र ही देवता, अनुष्टुभ् हा छंद, सीता ही शक्ती आणि हनुमान हे कीलक सांगितले आहे. पहिले तीन श्लोक प्रस्तावनेचे व ध्यानाचे. प्रत्यक्ष ‘रक्षा’ चौथ्या श्लोकाच्या उत्तरार्धात सुरू होते आणि नवव्या श्लोकाबरोबर संपते. म्हणजे ज्याच्यामुळे स्तोत्राला नाव मिळाले तो भाग अवघा साडेपाच श्लोकांचा. तेवढ्या जागेत मस्तकापासून पावलांपर्यंत २० अवयवांची गणना आहे, आणि शेवटी अखिल शरीर येते. क्रियापद मात्र एकच, ‘पातु’, ते ११ वेळा. दहाव्या श्लोकापासून फलश्रुती लागते. पंधराव्यात स्तोत्राची जन्मकथा आहे : शंकराने स्वप्नात सांगितले आणि पहाटे जागे झाल्यावर बुधकौशिकाने ते लिहून काढले. त्यानंतरच्या भागात अनुष्टुभाखेरीज रथोद्धता, वसंततिलका, शालिनी, शार्दूलविक्रीडित अशी वृत्तेही आढळतात, आणि विनियोगात एकच छंद सांगितलेला असल्यामुळे हा भाग मागाहून जोडला गेला असावा अशी शंका घ्यावयास जागा राहते. येथे मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकसंध म्हटला गेलेला पाठ हाच विवेचनाचा विषय आहे. घडणीचे थर निराळे असले तरी म्हणणाऱ्याच्या तोंडी ते एकाच श्वासाचे भाग झालेले आहेत.

‘पातु’ हे ‘पा’ धातूचे लोट् लकाराचे प्रथमपुरुषी एकवचन. (संस्कृत व्याकरणातला प्रथमपुरुष म्हणजे मराठी व्याकरणातला तृतीय पुरुष, परिभाषेच्या या उलटापालटीत विद्यार्थ्याने अडकू नये.) लोटाचे अर्थ सांगताना पाणिनीने ३.३.१६१ व १६२ या सूत्रांत जी यादी दिली आहे तिच्या शेवटी प्रार्थना येते, आणि पुढे ३.३.१७३ मध्ये आशी म्हणजे आशीर्वाद हाही अर्थ दिलेला आहे. वस्तुस्थिती सांगणे हे लोटाचे काम नव्हे. तिच्यासाठी लट् आहे, लृट् आहे. तेव्हा ‘पातु’ म्हणजे ‘रक्षितो’ नव्हे, ‘रक्षील’ही नव्हे. स्तोत्राच्या मूळ गाभ्यात रक्षण होत असल्याचे किंवा होणार असल्याचे एकही विधान नाही. आजी नातवाच्या अंगावरून हात फिरवीत हे श्लोक म्हणते तेव्हा तीच क्रियापदे आशीर्वादाची होतात, आणि नातू मोठा होऊन एकटा म्हणू लागला की प्रार्थनेची. रूप एकच राहते.

संस्कृतातील या ‘-तु’ची प्राकृतात ‘-उ’ अशी झीज झाली आणि तिच्यातून मराठीचे ‘-ओ’ आले : करो, होवो, राहो, लाभो. रोजच्या बोलण्यात हे रूप आता शुभेच्छेपुरते उरले आहे. परंतु मराठी वाङ्मयाच्या आरंभीच त्याचा जो थोर उपयोग झाला तो येथे आठवणे अपरिहार्य आहे. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरीच्या अखेरीस जे पसायदान मागितले गेले त्याची क्रियापदे पाहावीत : ‘सांडो’, ‘वाढो’, ‘पडो’, ‘जावो’. ही सर्व ‘पातु’चीच भावंडे होत. फरक कर्त्यात आहे. रामरक्षेत राम हा कर्ता आणि मागणाऱ्याचे शरीर हे कर्म. पसायदानात दुष्टांचा वाकडेपणाच कर्तृपदी येतो आणि त्याने गळून पडावे असे मागितले जाते. शत्रूपासून मला वाचव, असे ज्ञानदेव म्हणत नाहीत. शत्रुत्व सरावे असे म्हणतात. या मागणीची उंची कोणीही मान्य करील. पण म्हणून रामरक्षेची मागणी हीन ठरवण्याचे कारण नाही. पसायदान ग्रंथ पूर्ण झाल्यावर, कृतार्थतेच्या क्षणी मागितलेले आहे. रामरक्षा अंधार पडू लागल्यावर म्हणावयाची आहे. दोन्हींत जे समान आहे ते अधिक महत्त्वाचे : दोन्ही ठिकाणी बोलणारा निश्चयात्मक बोलण्याचा मोह टाळतो.

‘पातु’ प्रथमपुरुषी आहे, हेही नजरेआड करता येत नाही. एमिल बेन्व्हेनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९४६ मध्ये क्रियापदांच्या पुरुषव्यवस्थेविषयी लिहिताना असे प्रतिपादन केले की ‘मी’ आणि ‘तू’ हेच खरे संभाषणातले पुरुष, आणि ‘तो’ म्हणजे संभाषणाबाहेरचा, तेथे उपस्थित नसलेला. या दृष्टीने पाहता रामरक्षेच्या गाभ्यात एक विलक्षण गोष्ट घडते. संकटात सापडलेला माणूस साहजिकपणे ‘धाव’, ‘वाचव’, ‘ये’ अशी मध्यमपुरुषी हाक मारतो. समर्थ रामदासांची करुणाष्टके अशाच थेट हाकेवर उभी आहेत. रामरक्षेत तशी हाक प्रारंभी नाही. राघव असे करो, दशरथाचा पुत्र तसे करो, असे जणू दूरच्या कोणाविषयी बोलले जाते. रक्षणकर्ता अद्याप समोर आलेला नाही. त्याला हाक मारण्याच्या जागी त्याचे वर्णन केले जाते.

आणि हे वर्णन काय आहे? स्तोत्राचा पहिलाच शब्द ‘चरितम्’ हा आहे. सामर्थ्य, प्रभाव, तेज यांपैकी एकाही शब्दाने आरंभ होत नाही. तो रघुनाथाच्या चरिताने होतो. पुढे अवयवांच्या गणनेत जी नावे येतात ती याच चरिताची टिपणे आहेत. राघव, दशरथात्मज, कौसल्येय ही नावे कुळाची व जन्माची. विश्वामित्रप्रिय आणि मखत्राता ही यज्ञरक्षणाची. मग धनुर्भंग, विवाह, परशुरामाशी गाठ, खराचा वध, जांबवान, सुग्रीव, हनुमान, सेतू, दशमुखाचा अंत आणि बिभीषणाला राज्यलाभ. मस्तकापासून पावलांपर्यंत उतरताना म्हणणारा बालकांडापासून युद्धकांडापर्यंत चालत गेलेला असतो. क्रम सर्वत्र काटेकोर नाही. भरताने वंदिलेला हे नाव धनुर्भंगाच्या आधी येते, राक्षसकुळाच्या विनाशाचा उल्लेख सेतूच्या आधी होतो. पण ओघ निःसंशय कथेचा आहे. ‘राम’ हे नाव स्वतः कर्ता म्हणून या गणनेत अगदी शेवटी, संपूर्ण शरीराच्या रक्षणासाठी, एकदाच येते.

अवयव आणि नाव यांची सांगड घालण्याचा उद्योग टीकाकारांना नेहमीच आकर्षक वाटत आला आहे. त्यातल्या काही जोड्या खरोखरच मार्मिक आहेत. गुरूचा लाडका शिष्य कानांचे रक्षण करो, यज्ञाचा त्राता नाकाचे, विद्येचा ठेवा जिभेचे, शिवधनुष्य मोडणारा बाहूंचे, आणि हातांचे रक्षण सीतापती करो, कारण पाणिग्रहण हातांनीच होते. मात्र सर्वच जोड्यांत असे रहस्य शोधणे म्हणजे गणिताचे उत्तर आधी ठरवून रीत मागाहून लिहिणे होय. नाभीशी जांबवानाचा किंवा कमरेशी सुग्रीवाचा संबंध दाखवण्यासाठी जी ओढाताण केली जाते तिच्यात कल्पकता आहे, प्रमाण नाही. जाता जाता एका गमतीचा उल्लेख करावयास हरकत नाही. स्तोत्र सांगणारा शंकर आहे आणि त्याने सांगितलेल्या नावांत ‘भग्नेशकार्मुक’, म्हणजे ईशाचे धनुष्य मोडणारा, हेही एक आहे. आपल्याच धनुष्याच्या मोडण्याची आठवण तो भक्ताच्या रक्षणासाठी खुशाल देऊन टाकतो.

या नावांच्या मालिकेत सर्वांत बोलकी जागा आहे ती ‘खरध्वंसी’ आणि ‘जांबवदाश्रय’ या दोन नावांच्या मधली. कथेत खराच्या वधानंतर आणि वानरांच्या भेटीपूर्वी काय घडते, हे मराठी मुलालाही ठाऊक असते. सीतेचे हरण होते. ज्याच्याकडे रक्षण मागायचे त्याच्याच घरातले रक्षण त्या क्षणी तुटलेले असते. स्तोत्र या घटनेचे नाव घेत नाही. शरीराच्या मध्यभागावरून ते नाभीवर उतरते आणि पुढे जाते. पण मौनाच्या दोन्ही बाजूंची नावे तपासली तर एक बदल दिसतो. आधीच्या टप्प्यावर जिंकणाऱ्याची नावे आहेत : भग्नेशकार्मुक, जामदग्न्यजित्, खरध्वंसी. नंतरच्या टप्प्यावर लागोपाठ तीन नावे सोबत्यांवरून घडलेली आहेत : जांबवदाश्रय, सुग्रीवेश, हनुमत्प्रभु. हरणानंतरचा राम आता दुसऱ्यांच्या नावांसह ओळखला जातो.

येथे समासाचा प्रश्न उभा राहतो. ‘जांबवदाश्रय’ याचा विग्रह परंपरा षष्ठी तत्पुरुष असा करते : जांबवानाचा आश्रय असलेला राम. पण हाच समास बहुव्रीही मानला तर अर्थ होतो, जांबवान ज्याचा आश्रय आहे तो. ‘सुग्रीवेश’चेही तसेच : सुग्रीवाचा स्वामी, किंवा सुग्रीव ज्याचा स्वामी आहे तो. वैदिक भाषेत असा भेद स्वरावरून स्पष्ट होई. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी दिलेले ‘इंद्रशत्रु’चे उदाहरण सर्वश्रुत आहे. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून शब्द उच्चारला गेला, पण स्वर चुकला, तत्पुरुषाचा बहुव्रीही झाला, आणि इंद्र ज्याला मारील असा पुत्र जन्मला. अभिजात संस्कृतात स्वर लोपल्यावर दोन्ही वाटा मोकळ्या राहिल्या, आणि ‘रामेश्वर’ या शब्दाच्या विग्रहावरून राम व शंकर यांनी परस्परांना मोठेपणा दिल्याचा पंडितांचा विनोद त्यातूनच निर्माण झाला.

‘सुग्रीवेश’च्या बहुव्रीहीला मात्र केवळ विनोदाचा आधार नाही. वाल्मीकीच्या किष्किंधाकांडात, आरंभीच्या भागात, लक्ष्मण हनुमंताला जे सांगतो ते या संदर्भात पुन्हा वाचण्याजोगे आहे. जो पूर्वी सर्व लोकांना शरण जाण्याची जागा होता तोच माझा बंधू आज सुग्रीवाला शरण आला आहे, जो लोकांचा नाथ होता तो आज सुग्रीव आपला नाथ व्हावा अशी इच्छा करतो आहे, या आशयाचे त्याचे बोलणे आहे. म्हणजे आदिकवीनेच रामाच्या तोंडून नव्हे तरी रामाच्या वतीने बहुव्रीहीचा अर्थ उच्चारलेला आहे. स्तोत्रकर्त्याला तोच अभिप्रेत होता असे सिद्ध करता येणार नाही, आणि पूर्वापार अर्थ बाजूला सारण्याचीही गरज नाही. इतकेच म्हणता येते की ज्याला रामकथा पाठ आहे अशा श्रोत्याच्या कानी हे नाव दोन्ही अर्थांनी पडते. ज्याच्यावर विसंबावयाचे तो स्वतः कधीकाळी निराधार होऊन दुसऱ्याच्या दारी गेलेला आहे, ही जाणीव स्तोत्रातील विश्वासाला कमकुवत करीत नाही. अजिंक्य देवाला भयाची ओळख असण्याचे कारण नाही. या देवाला ती आहे.

पावलांचे रक्षण बिभीषणाला वैभव देणाऱ्याकडे आहे, ही जोडी मात्र ओढून आणलेली वाटत नाही. शरण येणारा पायांशीच येतो. शिवाय हा शरणागत शत्रूचा सख्खा भाऊ. युद्धकांडात सुग्रीव त्याच्याविषयी संशय घेतो तेव्हा राम त्याला अभय तर देतोच, पण आलेला मनुष्य प्रत्यक्ष रावण असला तरी त्याला घेऊन ये, असेही सांगतो. शत्रूच्या नाशाचे ‘दशमुखांतक’ आणि शत्रुपक्षातून आलेल्याच्या उत्कर्षाचे ‘बिभीषणश्रीद’ ही नावे एकाच श्लोकात शेजारी बसतात, यात या स्तोत्राची नीतिदृष्टी पुरेशी व्यक्त झालेली आहे.

आता फलश्रुती. येथे क्रियापदांचा पालट इतक्या जलद होतो की घाईने म्हणताना तो लक्षातही येत नाही. दहाव्या श्लोकात लिङ् आहे : जो पठन करील तो दीर्घायुषी, सुखी, विजयी आणि विनयी होईल, अशा घडणीचे संकेतार्थी वाक्य. बाराव्यात व चौदाव्यात सरळ लट् येतो : ‘लिप्यते’, ‘विंदति’, ‘लभते’. लोटाची याचना, लिङाची संभाव्यता आणि लटाची निश्चिती या तीन पायऱ्या अवघ्या काही श्लोकांत चढल्या जातात. मराठी म्हणीत हीच शेवटची पायरी गोठलेली आहे. ‘देव तारी त्याला कोण मारी’ यातली ‘तारी’, ‘मारी’ ही जुन्या मराठीतील वर्तमानकाळाची, त्रिकालाबाधित सत्य सांगणारी रूपे आहेत. ‘तारी’ आणि ‘तारो’ यांत एका स्वराचे अंतर, पण पहिले विधान आहे आणि दुसरे मागणे.

या अंतराकडे दुर्लक्ष झाल्याने जे नुकसान होते ते केवळ अर्थनिर्णयाचे नाही. नित्य पठन करणाऱ्या घरावरही आपत्ती येते. अशा वेळी ज्याने सगळे स्तोत्र लटाच्या अर्थाने घेतले आहे त्याला दोनच मार्ग उरतात : स्तोत्र खोटे म्हणावयाचे, किंवा म्हणणाऱ्यात काही उणे होते असे म्हणावयाचे. बहुधा दुसरा मार्ग पत्करला जातो. उच्चार अशुद्ध असेल, नेम चुकला असेल, मनात किंतु आला असेल. ज्याच्यावर घाव पडला त्याच्याच पदरात अपराधही टाकला जातो, आणि हे श्रद्धेच्या नावाने होते. चिकित्सकाचा उपहासही येथे उपयोगी पडत नाही, कारण तोही स्तोत्राला विधान समजूनच खोटे ठरवीत असतो. लोटाला खरे-खोटे ही कसोटी लागूच पडत नाही, हे व्याकरणाचे साधे ज्ञान दोन्ही बाजूंना उपकारक झाले असते.

फलश्रुती हा स्तोत्रवाङ्मयाचा रूढ घटक आहे, तो पठनाला प्रवृत्त करण्यासाठी असतो, तिला अक्षरशः घ्यावयाचे नसते, असा एक समंजस खुलासा केला जातो. तो चुकीचा नाही, पण पुरेसा नाही. रामरक्षेच्या रचनेतच याहून चांगले उत्तर आहे. लटाची निश्चिती येऊन गेल्यावर, स्वप्नाची हकीकत सांगून झाल्यावर, स्तोत्र संपत नाही. ते पुन्हा मागू लागते. एकोणिसाव्या श्लोकात ‘त्रायेताम्’, विसाव्यात ‘गच्छताम्’, एकविसाव्यात पुन्हा ‘पातु’. जय निश्चित मिळतो हे सांगून झालेले असेल तर पुन्हा याचना कशासाठी? म्हणणाऱ्याला आश्वासन आठवते आणि तरीही भय जात नाही, ही मनाची स्थिती या पुनरागमनाने जितकी प्रामाणिकपणे नोंदली आहे तितकी कोणत्याही भाष्याने नोंदली नसती.

या दुसऱ्या याचनेत व्याकरणाचे दोन बदल झाले आहेत. चौथ्या श्लोकातील ‘मे’ची जागा आता बहुवचनी ‘नः’ने घेतली आहे, विसाव्यात ‘मम’ एकदा डोकावते, पण एकविसाव्यात पुन्हा ‘अस्माकम्’ येते. भय एकट्याचे राहिलेले नाही. आणि कर्ता द्विवचनी झाला आहे : राम आणि लक्ष्मण. सतराव्या-अठराव्या श्लोकांत त्यांचे जे चित्र येते ते सिंहासनावरचे नाही. दोघे तरुण आहेत, सुकुमार आणि तरीही महाबळी आहेत, वल्कले व मृगाजिन नेसले आहेत, फळेमुळे खाऊन राहणारे तापस आहेत. दशरथाचे पुत्र म्हणून त्यांचा उल्लेख होतो तो राजवाड्याबाहेर, रानात. अभय ज्यांच्याकडे मागायचे ते दोघे घराबाहेर काढलेले आहेत. मागणेही त्याला साजेसेच आहे : आमच्याभोवती तट उभारा असे नव्हे, तर वाटेने आमच्यापुढे चाला. चौदाव्या श्लोकातील वज्रपंजराची कल्पना आणि विसाव्यातील या सोबतीची कल्पना यांत फार अंतर आहे. पिंजऱ्यात माणूस सुरक्षित असतो, पण जागचा हलत नाही.

भागवताच्या सहाव्या स्कंधातील नारायणकवचाशी तुलना केली तर ही गोष्ट अधिक उघड होते. तेथे संकट प्रत्यक्ष आहे. इंद्राने अनादर केल्यामुळे बृहस्पती निघून गेला आहे, असुरांनी देवांना जेरीस आणले आहे, आणि विश्वरूप इंद्राला हे कवच सांगतो. त्याची वाटणी स्थळकाळाची आहे : पाण्यात मत्स्य, स्थळी वामन, युद्धादी संकटस्थानी नृसिंह, दिवसाच्या प्रहरांना निरनिराळी रूपे. लोटाबरोबर तेथे ‘अव्यात्’ असा आशीर्लिङ्ही योजलेला आहे. रामाच्या वाट्याला तेथे काय आले आहे? परदेशचा प्रवास, तोही लक्ष्मणासह. दोन निराळ्या परंपरांनी रामाकडे वाटेवरचे रक्षण सोपवावे, हे योगायोगाने झालेले नाही. नारायणकवचाचा व्याप मोठा आहे, पण त्यात कथा नाही. एक देव अनेक चौक्यांवर नेमलेला आहे. देवीकवचात तर चौक्याही निराळ्या आणि देवताही निराळ्या. रामरक्षेत एकाच माणसाचे आयुष्य आहे. (ज्या विश्वरूपाने कवच दिले त्याचे शिर पुढे त्याच इंद्राने उतरवले, हेही भागवत लगेच सांगते. कवच देणाऱ्याला कवच लाभले नाही.)

शत्रूच्या बाबतीत रामरक्षा आश्चर्यकारक रीतीने मितभाषी आहे. रामाचे शत्रू नावाने येतात, म्हणणाऱ्याचा एकही येत नाही. अकराव्या श्लोकात पाताळ, भूतल व आकाश येथे वावरणारे आणि कपटाने फिरणारे एवढाच निर्देश आहे, आणि तोही ते रामनामाने रक्षिलेल्याकडे पाहूसुद्धा शकत नाहीत हे सांगण्यापुरता. त्यांना मारले असे म्हटलेले नाही. याच्या उलट बायबलमधील स्तोत्रसंहितेकडे पाहावे. तेथील विलापस्तोत्रांत शत्रू सतत बोलत असतो. दावीद आपला पुत्र अबशालोम याच्यापासून पळाला त्या प्रसंगाशी जोडलेल्या तिसऱ्या स्तोत्रात पुष्कळ लोक त्याला म्हणत असतात की याला देवाकडून सुटका नाही. बाविसाव्यातही हाच टोमणा आहे. हिब्रू कवीला शत्रूच्या शस्त्राइतकीच त्याची जीभ लागते, आणि म्हणून त्याचा विश्वास वादविवादाच्या भाषेत, थेट देवाला उद्देशून व्यक्त होतो. रामरक्षेत शत्रूला वाचा नाही आणि दृष्टीही नाही. येथे विश्वासाचा झगडा शत्रूच्या युक्तिवादाशी नसून काळोखाशी आहे. दोन्हींत श्रेष्ठ कोणते हा प्रश्न निरर्थक आहे. पण ज्याला निंदेने पोखरले आहे त्याला स्तोत्रसंहिता अधिक जवळची वाटेल, आणि ज्याला आपल्या भयाचे नावच सांगता येत नाही त्याला रामरक्षा, हे मात्र म्हणता येईल.

उरला प्रश्न मध्यमपुरुषाचा. संबोधन आणि त्याबरोबरचे आज्ञार्थी रूप पहिल्यांदा अठ्ठाविसाव्या श्लोकात येते. तेथे नाव पुनःपुन्हा उच्चारून शरणस्थान होण्याची विनवणी आहे. त्यापूर्वीच्या तीन श्लोकांत राम द्वितीयेत व चतुर्थीत येऊन गेलेला असतो. जवळ येण्याच्या या क्रियेला विभक्तींची एक शिस्त आहे, आणि सदतिसाव्या श्लोकात ती पूर्णपणे उघडी होते. संस्कृत शिकणाऱ्या प्रत्येक मराठी विद्यार्थ्याने ‘राम’ शब्दाच्या विभक्तींसाठी हा श्लोक कधी ना कधी पाठ केलेला असतो, आणि बहुधा त्यामुळेच त्याच्या अर्थाकडे त्याचे लक्ष जात नाही. प्रथमेत राम विजयी आहे, ‘तो’ आहे. द्वितीयेत तो भजनाचा विषय होतो आणि भजणारा ‘मी’ क्रियापदात प्रकट होतो. तृतीयेत निशाचरांची सेना येते. संबंध श्लोकात शत्रू आहे तो एवढाच, आणि तोही कर्मणी भूतकृदंतात, मारला गेलेला, स्वतःचे कर्तृत्व नसलेला. चतुर्थीत नमस्कार, पंचमीत याहून दुसरा आश्रय नाही ही कबुली, षष्ठीत दास्य. सप्तमीत मन त्याच्या ठायी लीन व्हावे ही इच्छा, आणि तेथे क्रियापद पुन्हा लोटाचे. मग संबोधन.

शत्रूचा उल्लेख तिसऱ्या पायरीवर होऊन गेला आहे हे ध्यानात घ्यावे. शेवटची हाक शत्रू समोर असताना मारलेली नाही. त्यामुळेच असेल, पण संबोधनाबरोबर जे क्रियापद येते ते ‘पाहि’ नव्हे, ‘रक्ष’ नव्हे, ‘त्रायस्व’ही नव्हे. ११ वेळा ‘पातु’ म्हणून झाल्यावर, राम प्रत्यक्ष समोर आला असे मानून जेव्हा त्याला ‘तू’ म्हणावयाचे तेव्हा स्तोत्र रक्षणाचा धातूच सोडून देते. येथील क्रियापद ‘उद्धर’ हे आहे : वर काढ. रक्षण मागणारा अजून उभा असतो. वर काढ असे म्हणणारा बुडालेला असतो.